नव्या युगाचा तोतया

पानिपतच्या संग्रामांत, १४ जानेवारी १७६१ रोजीं, सदाशिवरावभाऊ पडले. परंतु तें पुष्कळांच्या मनास पटेना. त्या वेड्या आशेचा लाभ सुखनिधान नांवाच्या एका कनोजी ब्राह्मणानें घेतला, व ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून तो पुढें आला. रत्नागिरीच्या कैदेंतून सुटून १७७६ सालीं त्यानें कोंकणांत बंड उभारलें, आणि त्याच वर्षीं पुण्यास त्यास देहान्त शासन झालें.

त्या तोतयास निदान भाऊसाहेबांसारखी चेहरेपट्टी तरी लागली. आजच्या तोतयास तीही नको. आधारचे बारा आंकडे, जन्मतारीख आणि मोबाइलवर आलेला ओटीपी एवढ्या सामग्रीवर तो आपल्या नांवानें वावरूं शकतो.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. गेल्या कार्तिकांत, निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला देण्याच्या दिवसांत, मला एक फोन आला. बोलणारा मोठा विनयशील. माझें पूर्ण नांव, निवृत्तीचें साल, निवृत्तिवेतनाचा क्रमांक, सारें त्यानेंच वाचून दाखविलें. ज्यास एवढें ठाऊक, तो सरकारी कचेरींतलाच असणार, असें मीं मानलें. आणि ओटीपीच्या सहांपैकीं चार आंकडे सांगितलेही. इतक्यांत सूनबाई स्वयंपाकघरांतून धांवत आली व तिनें फोन बंद केला. ‘पडताळा पाहिल्याविना उत्तर लिहूं नका’ असें जन्मभर मुलांस बजावणारा मी, त्या रात्रीं जेवलों नाहीं.

माझी माहिती त्यास कोठून मिळाली, कोण जाणे! बुलढाण्यापासून खामगांवापर्यंत माझ्या कागदांच्या झेरॉक्स किती टेबलांवर पडून राहिल्या असतील, याचा हिशेब मीं कधीं ठेविला नव्हता. जो आपणांस ओळखतो तो आपला, हा आपला जुना समज. परंतु आपली माहिती ठाऊक असणें ही आतां विश्वासाची खूण उरली नाहीं.

म्हणून आम्हीं घरीं तीन नियम केले. पहिला, ओटीपी कोणासही सांगावयाचा नाहीं. फोन ठेवून आपण स्वतः कचेरींत जावयाचें. दुसरा, आधारची प्रत द्यावयाची ती पहिले आठ आंकडे झांकलेली, आणि तिजवर काम व तारीख लिहून. शिवाय बोटांचे ठसे आधारच्या ॲपमधून कुलूपबंद ठेवावयाचे. तिसरा, फसगत होतांच बँकेस कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावयाची. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ सालीं झालेल्या दुरुस्तीनें दुसऱ्याची ओळख चोरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे खरा. पण चोर सांपडेपर्यंत पैसा कोठल्या कोठें गेलेला असतो.

तरुण मंडळींस एक विनंति. घरांतील वडील माणूस फसला तर त्यास हंसूं नका, रागावूं नका. लाजेनें दडविलेला एक तास तोतयास पुरेसा होतो. सूनबाईनें मला बोल लाविला नाहीं. दुसऱ्या दिवशीं जवळ बसून तिनें तें ठशांचें कुलूप कसें लावावें तें मला दोनदां शिकविलें. तिच्या शिकविण्यांत माझ्या छडीचा लवलेशही नव्हता.