आधी यादी, मग स्कॅनर

महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या पत्रांत हल्ली एक प्रश्न वरचेवर असतो. आमच्याकडे अमुक सरांचे कागद आले आहेत, तर स्कॅनर कोणता घ्यावा? नॅकची भेट तोंडावर आलेली असते, प्राचार्यांनी थोडाफार निधी मोकळा केलेला असतो आणि ‘डिजिटल संग्रह’ हे शब्द अहवालात शोभून दिसतात. कागद कोणते, किती, कोणत्या काळातले असे उलट विचारले की उत्तर येते, ‘चार पोती आणि एक ट्रंक.’ आत काय आहे? ‘ते अजून पाहायचंय.’

आमचे म्हणणे एवढेच की पाहायचे आधी, स्कॅनर नंतर. हे जुनाट वाटेल याची कल्पना आहे, म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. ग्रंथालय केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे आहे. कागद मात्र मद्रासहून गेलेले.

श्रीनिवास रामानुजन २६ एप्रिल १९२० रोजी वारले, तेव्हा त्यांचे वय ३२ होते. इंग्लंडहून परतल्यावरचे शेवटचे वर्ष आजारपणात गेले, पण लिहिणे थांबले नव्हते. त्या काळातले बरेच लेखन सुट्या कागदांवर होते. पत्नी जानकी यांच्याकडून ते मद्रास विद्यापीठाकडे गेले आणि १९२३ साली विद्यापीठाच्या निबंधकांनी रामानुजनांचे बरेचसे कागद ऑक्सफर्डला त्यांचे सहकारी गणिती हार्डी यांच्याकडे रवाना केले. हार्डींकडून त्यांतले काही बर्मिंगहॅमच्या जी. एन. वॉटसन यांच्याकडे आले. वॉटसन रामानुजनांच्या वह्यांचे संपादन करत होते. सहकारी बी. एम. विल्सन १९३५ साली वारले, पुढे वॉटसन यांचाही उत्साह मावळला आणि ते काम अर्धेच राहिले. सुटे कागद वॉटसन यांच्या घरी, त्यांच्या स्वतःच्या कागदांच्या ढिगात राहिले.

१९६५ साली वॉटसन गेले. रॉयल सोसायटीसाठी त्यांचा मृत्युलेख लिहिण्याचे काम जे. एम. व्हिटेकर यांच्याकडे आले. (गणिताच्या जुन्या विद्यार्थ्यांना ‘व्हिटेकर-वॉटसन’ हे जाडजूड पुस्तक आठवेल, त्यातले व्हिटेकर हे यांचे वडील.) व्हिटेकर वॉटसनबाईंना भेटायला गेले तेव्हा त्यांना एका खोलीत नेण्यात आले. जमिनीवर फूटभर उंचीचा कागदांचा थर पसरलेला होता, सगळा सरमिसळ, आणि काही दिवसांत तो जाळून टाकायचा होता. हात घालावा आणि जे लागेल ते वर काढावे, याशिवाय इलाज नव्हता. त्या चाचपण्यात रामानुजनांची पाने हाताला लागली. ग्लासगोचे प्राध्यापक आर. ए. रँकिन यांनी ती २६ डिसेंबर १९६८ रोजी ट्रिनिटीकडे पाठवली. रामानुजन, हार्डी आणि वॉटसन हे तिघेही ट्रिनिटीचे फेलो राहिलेले, तेव्हा कागद योग्य जागी पोचले. ज्या रेन ग्रंथालयात न्यूटनचे ग्रंथ आहेत त्याच छताखाली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण खोलीतल्या त्या थरावर थांबतात. अग्नीच्या तोंडातून वाचलेले कागद म्हटले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आपल्या धंद्यातल्या माणसाने मात्र पुढची आठ वर्षे पाहावीत.

१९६८ ते १९७६ ही पाने ट्रिनिटीत सुखरूप होती. वाळवी नाही, गळके छत नाही, रद्दीवाला नाही. आणि गणिताच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता. १९७६च्या वसंतात अमेरिकन गणिती जॉर्ज अँड्र्यूज युरोपात एका परिषदेसाठी आले होते. केंब्रिजच्या लूसी स्लेटर यांनी त्यांना सुचवले होते की वॉटसन यांचे कागद ट्रिनिटीत आहेत, एकदा पाहून घ्या. अँड्र्यूज गेले, त्यांनी पेटी मागितली आणि पाने चाळायला घेतली. त्यांचा पीएचडीचा प्रबंधच मॉक थीटा फंक्शन्सवर होता. मृत्यूच्या तीन महिने आधी, जानेवारी १९२०च्या पत्रात, रामानुजनांनी हार्डींना ज्यांची पहिली खबर दिली होती तीच ही फंक्शन्स. समोर काय आहे हे त्यांना पाहताक्षणी कळले: १३८ पृष्ठे आणि त्यांवर सहाशेहून अधिक सूत्रे. त्यांचे विवरण करता करता अँड्र्यूज आणि ब्रूस बर्न्ट यांचे पाच खंड झाले. पहिला २००५ साली निघाला, शेवटचा २०१८ साली.

जगाने या पानांना ‘हरवलेली वही’ म्हटले. ग्रंथपालाने तसे म्हणू नये. आठ वर्षे ती आपल्याच एका व्यवसायबंधूच्या कपाटात होती.

यात कोणाला दोष द्यायचा नाही. रँकिन स्वतः मोठे गणिती होते. पण कागद लावणाऱ्याला त्यांतले सगळेच ओळखू येईल अशी अपेक्षा कोणी धरू नये. ओळखणारा माणूस बहुधा दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्या खंडात असतो, आणि त्याला कळवण्याचे आपल्या हातातले साधन एकच, ते म्हणजे चारचौघांना वाचता येईल अशी यादी. ती नव्हती म्हणून स्लेटरबाईंच्या बोलण्यावर काम भागले. त्या बोलल्या नसत्या तर आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे.

अशी नोंद कशी दिसली असती, ते लिहूनच पाहू. ‘वॉटसन यांचे कागद, पेटी अमुक. सुटी पाने, अंदाजे ९०, काही दोन्ही बाजूंनी लिहिलेली. जवळजवळ सगळी गणिती सूत्रे, वाक्ये नाममात्र. हस्ताक्षर वॉटसन यांचे नाही; रामानुजन यांचे.’ बस. ही नोंद करायला मॉक थीटा फंक्शन म्हणजे काय हे माहीत असण्याची गरज नाही. पाने मोजता आली आणि दोन हस्ताक्षरांतला फरक दिसला की पुरे. आपल्यातला कोणताही सहायक ग्रंथपाल एका दुपारी अशा दहा नोंदी करील.

आता यावर कोणी म्हणेल, स्कॅन करून टाकले असते तर सगळ्या जगाने पाहिलेच असते. रामानुजनांच्या बाबतीत हाही प्रयोग होऊन गेला आहे, आणि तो मुंबईत झाला. त्यांच्या मूळ वह्यांची हुबेहूब छायाप्रत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली दोन खंडांत छापली. कसलेही भाष्य नाही, नुसती पाने. ते काम मोलाचे होते, पुढचे सगळे त्यावरच उभे राहिले. पण सूत्रांची एकेक करून सिद्धता देणारे बर्न्ट यांचे पाच खंड निघाले १९८५ ते १९९८ या काळात. छबी बाजारात आली आणि विवरणाचा पहिला खंड यायला आणखी २८ वर्षे लागली. रामानुजनांचे नाव होते म्हणून कोणीतरी तितकी चिकाटी धरली. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांची सहा हजार पाने ‘आयएमजी ०००१’पासून सुरू होणाऱ्या नावांनी हार्ड डिस्कवर पडली, तर ती उघडून कोण बसणार?

महाराष्ट्रात वर्णनाची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. ब्यूलर, कीलहॉर्न, रा. गो. भांडारकर यांनी सरकारसाठी जमवलेल्या संस्कृत-प्राकृत पोथ्या अनेक वर्षे डेक्कन कॉलेजात होत्या. १९१८ साली त्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आल्या, आणि तिथल्या वर्णनात्मक सूचींचे खंड आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. परशुराम कृष्ण गोडे यांनी तर आयुष्यच त्या पोथ्यांत घातले. अडचण वेगळीच आहे. आपण शिकलो ते पोथीचे आणि ग्रंथाचे तालिकीकरण. पोथीला नाव असते, कर्ता असतो, आरंभ-शेवट असतो, नशीब असेल तर पुष्पिकेत लेखनाचा शकही असतो. व्यक्तीच्या कागदांना यातले काहीच नसते. त्यांत व्याख्यानाची टिपणे असतात, किराण्याची यादी असते, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेला लेखाचा मसुदा असतो. तिथे आपला हात ग्रंथपालाच्या सवयीने चालतो: पुस्तके काढून वर्गांकाप्रमाणे मांडणीवर, छायाचित्रे चौकटीत, पत्रांतली मोठ्या माणसांची तेवढी काचेच्या पेटीत आणि उरलेले पोत्यात. एका तासात संग्रहाची वाट लागते.

तारेचेच पाहा. जुन्या घरांत आलेली पोस्टकार्डे आकड्याच्या तारेत ओवून खुंटीला टांगत. अशी तार देणगीत आली की पहिला विचार येतो तो गंजाचा, आणि तो बरोबरच आहे. ती काढायलाच हवी. पण ती तार म्हणजे त्या माणसाने स्वतः लावलेला क्रम आहे. खालचे कार्ड आधीचे, वरचे नंतरचे. अर्ध्या कार्डांवर टपालाचा शिक्का पुसट असतो आणि लिहिणाऱ्याने तारखेच्या जागी नुसते ‘गुरुवार’ लिहिलेले असते. अशा कार्डाचा काळ त्याच्या खालच्या-वरच्या शेजाऱ्यांवरूनच ठरतो. कोपऱ्यात ‘उ. दि.’ अशी खूण आणि तारीख असली तर उत्तर कधी गेले तेही कळते. म्हणून तार काढण्याआधी प्रत्येक कार्डाच्या मागे, मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात क्रमांक घालावा. बॉलपेन नाही, रबरी शिक्का तर नाहीच. मग तार खुशाल फेकून द्या.

पुस्तकांचेही तेच. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वैयक्तिक ग्रंथसंग्रहातली पुस्तके आहेत. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या पुस्तकांवर बाबासाहेबांनी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा पानोपान तपासून स्कॉट स्ट्राउड यांनी अलीकडे संशोधन केले आहे. कोणत्या ओळीखाली रेघ आहे आणि कोणते प्रकरण कोरे सोडले आहे, यावरून एका मोठ्या माणसाचे वाचन उलगडते. हीच पुस्तके ‘जुनी प्रत, नवी आवृत्ती उपलब्ध’ म्हणून निर्लेखनाच्या यादीत गेली असती, किंवा नव्या बांधणीसाठी त्यांचे समास कापले गेले असते, तर? आपल्याकडे देणगी पुस्तकांवर दाखल क्रमांक पडला की ती कोणाची होती हे दाखल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्याबाहेर कुठेही उरत नाही. बाबासाहेबांच्याच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’चे हस्तलिखित पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात होते, ते पुस्तिका म्हणून छापले गेले १९९० साली, त्यांच्या निधनानंतर ३४ वर्षांनी. आज ते कोलंबियात विद्यार्थ्यांना वाचायला दिले जाते.

स्कॅनरची घाई नको याला कायद्याचेही कारण आहे, आणि त्याची चर्चा आपल्या कार्यशाळांत जवळपास होत नाही. सरांना आलेले पत्र कुटुंबाने आपल्याला दिले, म्हणजे कागद आपला झाला. मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा, त्याच्या मागे त्याच्या वारसांचा. सरांची मुलगी तो आपल्याला देऊच शकत नाही, कारण तो तिचा नाहीच. ग्रंथालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची अभ्यासासाठी नक्कल करायला १९५७चा कॉपीराइट कायदा मुभा देतो, पण लेखक कोण हे माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यावर. तेव्हा १९८०च्या दशकातली पत्रे सरसकट संकेतस्थळावर चढवणे धोक्याचे आहे. शिवाय त्यांत कोणाचे आजारपण असते, कोणाचा भाऊबंदकीचा दावा असतो, आणि ती माणसे हयात असतात. काही पेट्या ठरावीक वर्षे बंद ठेवाव्या लागतात. देणगीपत्रात तसे कलम असू द्या. यादी छापायला मात्र कॉपीराइट आड येत नाही, कारण तिचे शब्द आपले असतात. बंद पेटीचीही ‘कौटुंबिक पत्रे, अमुक सालापर्यंत बंद’ एवढी नोंद करता येते.

यादी कशी करावी याचे मोठे शास्त्र आहे आणि त्याची आंतरराष्ट्रीय प्रमाणकेही आहेत. ती जरूर वाचावीत. पण त्यांच्या धाकाने काम अडवून ठेवू नये. पहिल्या फेरीत पत्र-पत्र नोंदवत बसू नका. दोनशे पत्रांनंतर उत्साह संपतो आणि उरलेली पाच हजार तशीच राहतात. पेटीची किंवा गठ्ठ्याची नोंद करा. ज्याचे कागद त्याच्या नावाखाली सगळे एकत्र, आलेल्या क्रमात. पुस्तके मांडणीवर गेलीच तरी त्यांची वेगळी यादी संग्रहासोबत. कोणी दिले, कधी दिले, घरात ते कुठे ठेवलेले होते, हे देणाऱ्याला त्याच दिवशी विचारून लिहून घ्या, कारण पुढच्या पिढीला ते सांगता येत नाही. सेलोटेप आणि लॅमिनेशन या दोन गोष्टी ग्रंथालयाच्या दाराबाहेर ठेवा. हे झाले की स्कॅनर घ्या, आणि यादीकडे बघून ठरवा की आधी काय जाते: विरत चाललेली शाई, ठिसूळ झालेले वर्तमानपत्री कागद, सतत मागणी असलेली पाने. सहा हजारांतली सहाशेच निघतील कदाचित. निधीही तेवढाच असतो.

पुढच्या अंकापासून या मासिकाची शेवटची दोन पाने अशा याद्यांसाठी राखून ठेवत आहोत. एका संग्रहाला अर्धे पान. व्यक्तीचे नाव आणि काळ, पेट्या किंवा गठ्ठे किती, प्रत्येकात ढोबळमानाने काय, कोणत्या भाषा आणि लिप्या (मोडी असेल तर आवर्जून), बंद काय आहे. अपुरी यादी चालेल, ‘असावे’ आणि ‘अंदाजे’ हे शब्द चालतील, हाताने लिहून पाठवलीत तरी चालेल. संग्रह पाहायचा झाल्यास ग्रंथालयात कोणाला आणि कोणत्या वेळेत भेटायचे, ते मात्र लिहायला विसरू नका.