गोळी आणि चहा यांच्यामधला अर्धा तास



गणपतीच्या कार्यक्रमानंतर हॉलच्या स्वयंपाकघरात भांडी आवरताना आम्हा सात-आठ जणींमध्ये विषय निघाला तो दुखण्यांचा. एकीची मान, दुसरीची कंबर, तिसरीला पहाटे तीनला जाग येते ती येतेच. सकाळी सहाला डबे, सातला गाडी, दिवसभर संगणक, संध्याकाळी मुलांना डे-केअरमधून आणायचे, मग कुकर, आणि रात्री दहाला तिकडे सकाळ झाली की आईला फोन. यात योगासने बसवायची कुठे? सगळ्या एका सुरात हेच म्हणत होत्या. तेवढ्यात आमच्यापैकी एकीने सांगितले, की तिने आसने सुरू केली आहेत आणि म्हणून थायरॉइडची गोळी तीन आठवड्यांपूर्वी बंद केली आहे. सर्वांगासनाने थायरॉइड बरा होतो, अशी चित्रफीत तिला व्हॉट्सॲपवर आली होती. "काही त्रास नाही गं, उलट हलके वाटते!"

आम्ही हातातले पातेले खाली ठेवले. (हे सर्व तिच्या परवानगीनेच लिहीत आहोत.)

आम्ही पडलो रसायनवाले, म्हणून थोडे रसायन सांगतो. त्या गोळीतले थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश जाते. त्याचे अर्धायुष्य साधारण सात दिवसांचे. म्हणजे गोळी थांबवली की आठवड्याने त्यातले निम्मे उरते, दोन आठवड्यांनी पाव, महिन्याने जेमतेम सोळावा हिस्सा. शिवाय शरीराला ही उणीव जाणवायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे सगळे ठीक वाटते, आणि त्याचे श्रेय जाते सर्वांगासनाला! मग थकवा येतो, थंडी सोसत नाही, केस गळतात, पोट साफ होत नाही. तोवर आपल्याकडे बर्फ पडायला लागलेले असते आणि सगळा दोष हवेवर जातो. आसनात गळ्याशी ताण येतो हे खरे. पण थायरॉइड कमी होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीने त्या ग्रंथीवर केलेला हल्ला. खराब झालेली ग्रंथी ताण दिल्याने पुन्हा कामाला लागत नाही. आमच्या मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, रक्त तपासले, आणि गोळी पुन्हा सुरू झाली. आसने मात्र तिने सोडली नाहीत, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

कारण योगाचा फायदा खराच आहे. तो जिथे आहे तिथे घ्यावा, एवढेच. सर्वात भक्कम पुरावा कंबरदुखीचा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी जे उपाय करून पाहायला सांगितले, त्यांत योग आहे. त्याच वर्षी बॉस्टनच्या ३२० रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीच्या तुलनेत कमी पडला नाही. आठवड्याला एक वर्ग आणि घरी सराव, एवढेच! झोप आणि मनावरचा ताण यांतही बऱ्याच जणींना फरक पडतो.

'प्राणायामाने रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो' हे वाक्य मात्र आम्ही दर वर्गात ऐकतो आणि दर वेळी ओठ चावतो. निरोगी माणसाचे रक्त बसल्या बसल्याच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. आणखी भरायला जागा कुठे? फायदा आहे तो सावकाशीचा. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले की हृदयाची लय श्वासाबरोबर डोलू लागते आणि शरीराची 'पळा पळा' अवस्था शांत होते. अशी तपासणी करायला योगाची हरकत नसावी. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले ते आसने-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच, आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही त्याच वर्षीचे.

आता वेळेचा प्रश्न. तो सोडवला पुन्हा त्या गोळीनेच. थायरॉइडची गोळी अनाशेपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास चहा-कॉफी, खाणे काही नाही. (कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी.) आसनेही रिकाम्या पोटीच करायची. म्हणजे गोळी आणि चहा यांच्यामध्ये वीस-तीस मिनिटे आयती मोकळी! आमची मैत्रीण आता तेच करते: ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन, पवनमुक्तासन, आणि शेवटी पाच मिनिटे शवासनात लांब श्वास. ज्यांना थायरॉइड नाही त्यांनीही चहा अर्धा तास पुढे ढकलायला हरकत नाही. रविवारी दोन तास घाम गाळून सोमवारपासून शनिवारपर्यंत सतरंजी गुंडाळून ठेवण्यापेक्षा हे रोजचे वीस मिनिटांचे बरे.

रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर डोके खाली, पाय वर अशी आसने नकोत. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणे टाळावे. गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि एक कटू सत्य: एवढ्याने झपझप चालणे माफ होत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे आणि दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम हवाच. वाण्याकडून आणलेली वीस पौंडांची कणकेची पिशवी चालेल का, असे एकीने विचारले. सुरुवातीला पाच पौंडांची तूरडाळ घ्यावी.

मंडळाचा महिलावर्ग पुढच्या रविवारपासून सकाळी आठ वाजता, नेहमीच्याच हॉलमध्ये सुरू होत आहे. जाड सतरंजी आणि शवासनासाठी चादर घेऊन यावे; हॉलचे हीटर उशिरा तापते. मुलांसाठी शेजारच्या खोलीत रंग-कागद ठेवू. चहा वर्ग संपल्यावर मिळेल, आधी नाही.