‘स्वस्त’ हा लॅपटॉपचा दोष नव्हे

कचेरीसाठी लॅपटॉप घ्यायला निघालेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, ‘ऑफिसचं काम आहे ना, मग आय-फाइव्हच्या खाली बघूच नका.’ आणि दुसरा, ‘टॅली, टायपिंग आणि मेलच तर करायचंय, सगळ्यात स्वस्त मिळेल तो उचला.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, कारण दोन्हींत काम काय आहे हे कोणी विचारतच नाही. पहिल्यापायी छोट्या कर सल्लागाराचे किंवा शाळेच्या कार्यालयाचे पंधरा-वीस हजार विनाकारण जातात. दुसऱ्यापायी त्या यंत्रापुढे बसणाऱ्या लेखनिकाचे पुढची चार-पाच वर्षं हाल होतात, आणि हे नुकसान कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

आधी पहिला पक्ष. प्रोसेसरचं नाव जेवढं मोठं तेवढं यंत्र दमदार, हे त्याचं गृहीतक. पण आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन या पायऱ्या एकाच पिढीपुरत्या खऱ्या असतात. २०१६ सालचा कोअर आय-सेव्हन ७५००यू घ्या: नावात सेव्हन, आत कोर फक्त २. आणि २०२२ सालचा, बजेट लॅपटॉपमध्ये सर्रास मिळणारा कोअर आय-थ्री १२१५यू बघा. त्यात ६ कोर आहेत, आणि सगळे कोर एकत्र राबवणाऱ्या चाचण्यांत तो त्या आय-सेव्हनच्या दुपटीहून पुढे जातो. शिवाय तो जुना आय-सेव्हन विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तरीही वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात ‘आय-सेव्हन आहे साहेब’ एवढ्यावर सौदे होतात.

एएमडीच्या नावांतही हाच घोळ आहे. रायझेन ५ ७५२०यू हा ५५००यूपेक्षा नवा आणि वरचा वाटतो. प्रत्यक्षात दोघांची रचना एकच, झेन २. नव्यात कोर ४, जुन्यात ६. या सात हजारी मालिकेत आकड्यातला तिसरा अंक रचना सांगतो, तिथे २ असेल तर रचना जुनी आहे असं समजावं. दुकानातल्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं, म्हणूनच ग्राहकाला माहीत असायला हवं.

एवढं झाल्यावर कोणी म्हणेल, मग नावाला अर्थच नाही तर सर्वांत स्वस्त का घेऊ नये? इथे दुसरा पक्ष उभा राहतो, आणि त्याचं खंडन जास्त निकडीचं आहे. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण सांगितली आहे. विक्रेता हा आकडा प्रमाणपत्रासारखा दाखवतो. पण किमान म्हणजे विंडोज बसेल, काम चालेल असं नव्हे. यंत्र सुरू होऊन स्थिरावतं तेव्हाच विंडोजने दोन-तीन जीबी घेतलेले असतात. उरलेल्या जागेत ब्राउझर आणि एक्सेल आले की रॅम भरते, आणि विंडोज रॅममधला मजकूर साठवणीवर हलवू लागतं. अशा स्वस्त यंत्रांत ती साठवण बहुधा ईएमएमसी असते, म्हणजे मोबाइलच्या जातीची, मदरबोर्डवरच डकवलेली चिप. तिचा वेग एनव्हीएमई एसएसडीच्या कित्येक पट कमी. रॅमची टंचाई आणि साठवणीचा संथपणा एकमेकांना वाढवतात, माउसचा बाण गोल फिरत राहतो आणि माणूस हतबल होऊन बसतो. त्यात ६४ जीबी भरायला विंडोजचे अपडेटच पुरेसे होतात.

मग पात्र यंत्र ठरवायचं कसं? काम डोळ्यांपुढे आणून. महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बीची मुदत असताना, कर सल्लागाराच्या टेबलावर काय उघडं असतं? टॅली प्राइम, खरेदी-विक्रीच्या दोन-चार एक्सेल फाइली, जीएसटी पोर्टलसह ब्राउझरचे दहा-बारा टॅब, व्हॉट्सॲप वेब, काही पीडीएफ. या कामात प्रोसेसर बराच वेळ रिकामा बसतो, भार येतो रॅमवर. ८ जीबीत हे निभतं, १६ जीबीत ऐसपैस होतं. अंदाजाचीही गरज नाही: ऐन गर्दीच्या दिवशी सध्याच्या यंत्रावर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि रॅम किती भरली आहे ते बघावं. चालू गरजेचा तो सर्वांत प्रामाणिक आकडा. पोर्टलच रेंगाळत असेल तर तो सर्व्हरवरच्या गर्दीचा प्रश्न आहे. लाखाचा लॅपटॉपही तिथे रांगेतच उभा राहतो.

म्हणून ठामपणे म्हणता येतं की चाळीस हजारांच्या आसपासचं, चार किंवा अधिक कोरचं अलीकडच्या पिढीतलं, ८ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडीचं यंत्र कचेरीच्या रोजच्या कामाला पूर्ण पुरतं. एक अट मात्र सोडू नये: रॅमचा एक स्लॉट रिकामा हवा किंवा असलेली पट्टी बदलता यायला हवी. ७५२०यूच्या यंत्रांत रॅम बोर्डवरच डकवलेली असते. तिथे आज घेतलेले ८ जीबी कायमचे ८ जीबी.

प्रोसेसरच्या वरच्या पायरीचे वाचलेले पैसे पडद्याकडे वळवावेत. १३६६ बाय ७६८च्या पडद्यावर साधारण साडेदहा लाख ठिपके मावतात, १९२० बाय १०८०वर पावणेएकवीस लाखांच्या घरात. म्हणजे एक्सेलच्या जास्त ओळी, जास्त स्तंभ एका नजरेत. दिवसाचे आठ तास आकडे वाचणाऱ्या डोळ्यांना हा फरक कुठल्याही कोरपेक्षा जास्त जाणवतो. बॅटरीचा हिशेबही सोपा आहे: ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि साध्या कामात ८ वॉट खर्च धरला तर पाच तासांच्या थोडं पुढे. जाहिरातीतले दहा तास मंद उजेडातल्या व्हिडिओचे असतात.

काही सापळे किमतीशी संबंधितच नाहीत. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर बसत नाही, म्हणजे टॅली नाही आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही नाही. तो मोड फुकट काढता येतो, फक्त परत लावता येत नाही. क्रोमबुक स्वस्त आणि चपळ असलं तरी विंडोजवरची ही कामं त्यावर सरळ होत नाहीत. ऑटोकॅडचे नकाशे, व्हिडिओचं संपादन, लाखो ओळींची एक्सेल मॉडेलं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांनी या किंमतपट्ट्यात वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी आय-फाइव्हचा सल्लासुद्धा तोकडा आहे.

तालुक्याच्या गावातल्या कचेऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: दुरुस्तीला माणूस जागेवर येणार की यंत्र जिल्ह्याच्या गावी न्यावं लागणार. दुसऱ्या प्रकारात अशिलांचे सगळे हिशेब असलेलं यंत्र कैक दिवस परक्या टेबलावर पडून राहतं. जागेवरची सेवा वाढवून घ्यायचा खर्च आय-थ्रीवरून आय-फाइव्हवर जाण्याच्या खर्चापेक्षा बहुतेकदा कमीच असतो.