अखेरच्या हप्त्याचे मोल

मुंबईची उपनगरे कारखान्यांच्या आधाराने वाढली. मुलुंड-भांडुपमधील लालबहादूर शास्त्री मार्ग असो वा बोरिवलीचा द्रुतगती महामार्ग, दोहोंच्या कडेने उद्योग वसले. कालांतराने अनेक बंद पडले, काही अन्यत्र गेले. त्या जमिनींवर गृहसंकुले उभी राहू लागली. मात्र पैसा आटला की बांधकाम अर्ध्यावर थांबते. घर नोंदवलेले कुटुंब मग भाडे आणि कर्जाचा हप्ता असा दुहेरी भार वाहते. वस्ती न आल्याने शेजारच्या दुकानदाराचा व्यापारही खुंटतो.

ही कोंडी फोडण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्वामीह’ निधीस मंजुरी दिली. लक्ष्य २५,००० कोटी रुपयांचे होते आणि त्यात सरकारचा वाटा १०,००० कोटींपर्यंत होता. व्यवस्थापन स्टेट बँक समूहातील एसबीआयकॅप व्हेंचर्सकडे सोपवण्यात आले. या निधीतून पूर्ण झालेला देशातील पहिला प्रकल्प बोरिवलीचाच: केबल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या उपकंपनीने उभारलेला ‘रिवाली पार्क विंटरग्रीन्स’. सात एकरांवरील ७०८ सदनिकांच्या या प्रकल्पातील घरांचा ताबा मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, देण्यास प्रारंभ झाला.

हे अनुदान नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. निधी तारणावर कर्ज देतो आणि परतफेडीची अपेक्षा ठेवतो. प्रकल्प रेराकडे नोंदलेला हवा. शिवाय न विकलेल्या सदनिकांचे मूल्य व ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम मिळून उर्वरित खर्च व देणी भागली पाहिजेत. व्यापाऱ्याच्या भाषेत, येणे हे देण्यापेक्षा अधिक हवे. तसे असेल, तर अखेरची थोडी रक्कम आधी अडकलेले सारे भांडवल मोकळे करते. बँकांची थकबाकी वसूल होण्याची शक्यता वाढते, कारागिरांना काम मिळते आणि ओसाड आवारात दिवे लागतात.

मर्यादाही स्पष्ट आहे. ज्या प्रकल्पाचा हिशेबच जुळत नाही, त्याला हा निधी तारू शकत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आणखी एक लाख घरांसाठी १५,००० कोटींचा दुसरा निधी जाहीर झाला. तरीही त्याच्या भरवशावर घर नोंदवणे शहाणपणाचे नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मुदत आणि कज्जे तपासावेत. ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे विकासकावर बंधनकारक आहे. त्या खात्याची चौकशी करण्यात संकोच नसावा.

दानाला परतीची अपेक्षा नसते, गुंतवणुकीला असते. सार्वजनिक पैसा परत येतो, तेव्हाच तो दुसऱ्या रखडलेल्या घराच्या उपयोगी पडतो.