आश्वासनांची पारख

डिसेंबर २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील अकरा नगरपरिषदांच्या निवडणुका पार पडल्या. आधीच्या सभागृहांची मुदत संपल्यानंतर या नगरांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. तो पुन्हा लोकनियुक्त प्रतिनिधींकडे आला, हे लोकशाहीच्या दृष्टीने स्वागतार्हच. मात्र उमेदवाराची पारख करताना जात, गट आणि युती यांचा हिशेब मांडणारा सुजाण मतदारही पाणी, सांडपाणी आणि कचरा या विषयांवर दोन उमेदवारांना शेजारी उभे करून पाहत नाही. ही उणीव साधी नव्हे.

हवामानबदल हा जागतिक परिषदांचा विषय आहे, असा एक सोयीस्कर समज आहे. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एकाच दिवसाच्या पावसाने जो हाहाकार माजवला, त्याने हा समज खोडून काढला. विशेष म्हणजे हाच पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. येथे जमिनीखालचे पाणी खारट, म्हणून गोड पाण्यासाठी वणवण. आणि आभाळातून आलेले गोड पाणी मात्र घरे-शेते खरवडून निघून जाते. पाऊस कोठे मुरवायचा आणि नाला कोठून वाहू द्यायचा, याचा निर्णय अखेर गावातच करावा लागतो.

राज्यघटनेनेही तो गावाकडेच सोपवला आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांत पाणीपुरवठा, घनकचरा व्यवस्थापन, नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा प्रत्येक वेळी मुंबई-दिल्लीकडे बोट दाखवण्याची मुभा नगरसेवकाला नाही.

याकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते लोणारने दाखवले आहे. उल्काघाताने निर्माण झालेले ते खारे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा देशभर कुतूहल दाटले. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला ‘रामसर’ पाणथळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. परंतु त्याच सरोवराच्या रक्षणाचा आणि त्यात उतरणाऱ्या शहराच्या सांडपाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. जो प्रश्न प्रभागातील सभेत विचारायचा, तो न्यायासनासमोर मांडावा लागणे हे नागरिकत्वाचे अपयश होय.

मग तुलना कशी करावी? ‘स्वच्छ शहर, हरित शहर’ या घोषणेवर ती करता येणार नाही, कारण ती घोषणा कोणत्याही पक्षाच्या पत्रकात शोभते. वृक्षारोपणाच्या आश्वासनाने कोणीही दुखावत नाही. नाल्याच्या पात्रातील अतिक्रमण हटवणे, ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायला लावणे, पाणीपट्टीची वसुली करणे, तलावाच्या काठावर बांधकामाला परवानगी नाकारणे, यांपैकी प्रत्येक गोष्टीत चार मते गमावण्याचा धोका असतो. तो धोका पत्करून स्पष्ट बोलणारा उमेदवार आणि केवळ रोपटे हाती घेऊन छायाचित्र काढणारा उमेदवार, यांतील भेद ओळखणे हीच खरी पारख. जे आश्वासन कोणालाच टोचत नाही, त्यावर विसंबून शहर वाचत नाही.

हा निकष मतदानाच्या दिवशी संपत नाही. निवडून आलेल्यांचे पहिले अंदाजपत्रक हीच त्यांची खरी भूमिका. त्यात सांडपाणी प्रक्रियेला किती आणि रंगीत फरशा, स्वागतकमानी यांना किती, हे जागरूक नागरिकांनी वाचावे, वॉर्डात चर्चेला आणावे. शेगावच्या संस्थानातील स्वच्छता पाहून धन्यता मानणारा भाविक आपल्या गल्लीतील उकिरडा मुकाट्याने सहन करतो. हा विरोधाभास पालिकेने आणि नागरिकांनी मिळूनच दूर करायचा आहे.

राजमाता जिजाऊंचे माहेर असलेल्या सिंदखेडराजाचा मोती तलाव आजही पाहणाऱ्याला सांगतो की, पाणी साठवणे हे राज्यकर्त्यांचे पहिले कर्तव्य मानले जात होते. आजचा राज्यकर्ता मतपेटीतून येतो. त्याला त्या कर्तव्याची आठवण देणे हे मतदाराचे काम आहे, आणि ते पाच वर्षांतून एकदा करून भागणारे नाही.