आधी शब्द ऐकू येऊ द्या

मराठी घरात, मराठी माणसं, मराठी सिनेमा इंग्रजी सबटायटल लावून बघत बसलेली या आठवड्यात डोंबिवलीत पाहिली आणि संताप आला. सबटायटल कशासाठी, तर संवाद कळत नाहीत म्हणून. भिंतीवर ५५ इंची टीव्ही, त्याखाली दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला ५.१ चा सेट, खोक्यावर चार आकडी वॅट. घरातल्या आजींना इंग्रजी वाचता येत नाही. "मला काही समजत नाही बाबा, तुम्ही बघा," म्हणत त्या उठून आत गेल्या.

वॅटच्या आकड्यांवरचा माझा लेख वाचून या घरातल्या गृहस्थांनी मला मुद्दाम बोलावलं होतं. त्यांचा प्रश्न असा की आवाज स्पष्ट येत नाही, तर याहून मोठा सेट घ्यावा का? वॅटबद्दल पुन्हा सगळं लिहीत नाही. एवढंच लक्षात ठेवा: वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. शिवाय न कळणारा शब्द मोठ्याने ऐकवला म्हणून कळत नाही.

याच इमारतीत दोन मजले खाली त्यांचे धाकटे भाऊ राहतात. हॉल तेवढाच, टीव्ही जवळपास तसाच, ॲपही तेच. फक्त त्यांच्याकडे ३.१ चा साउंडबार आहे, म्हणजे डावा, उजवा, मधला आणि एक वूफर. ५.१ मधले मागचे दोन स्पीकर नाहीत. किंमत वरच्या सेटपेक्षा बरीच कमी. दोन्ही घरांत आम्ही एकच सिनेमा लावला, चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल'. हिंदुस्थानी संगीत शिकणाऱ्या एका गायकाची ही गोष्ट २०२१ पासून नेटफ्लिक्सवर आहे. साउंड सिस्टिम पारखायला मला स्फोटांपेक्षा हा सिनेमा जास्त उपयोगी वाटतो. त्यात नायक रात्री मोटारसायकलवरून संथपणे जात असतो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू असलेल्या माईंची जुनी व्याख्यानं चालू असतात. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. खाली तंबोरा सतत वाजत असतो. तंबोरा भरून यायला हवा आणि त्यावर माईंचं प्रत्येक अक्षर सुटं ऐकू यायला हवं. ही दोन कामं एकाच वेळी करणं कुठल्याही सेटला सोपं नाही.

खालच्या घरात दोन्ही झालं. माईंचा आवाज थेट पडद्याच्या मधून आला, श्वासासकट. वरच्या घरात तंबोऱ्याचा घुमारा हॉलभर पसरला होता आणि माई त्यात बुडाल्या होत्या. कीर्तनात मृदंग बुवांच्या तोंडासमोर आणून वाजवावा, तसं चाललं होतं. गृहस्थ आवाज वाढवत गेले, तसा घुमारा वाढला. शब्द होते तिथेच राहिले.

असं का व्हावं? मी टीव्हीच्या मागे हात घातला. सेट ऑप्टिकल तारेने जोडलेला होता, कारण जोडून देणाऱ्या मुलाने खोक्यातली तीच तार पहिल्यांदा बाहेर काढली. ही तार १९८३ साली तोशिबाने सीडी प्लेअरसाठी आणली. तिच्यातून दोन वाहिन्यांचा साधा आवाज जातो, किंवा दाबून लहान केलेला जुना डॉल्बी डिजिटल. आजची ॲप्स ज्या डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये ५.१ पाठवतात, तो या तारेतून जात नाही. टीव्हीला तो आधी जुन्या प्रकारात बदलून द्यावा लागतो. इथे तेही होत नव्हतं, कारण टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडलेलं होतं. म्हणजे सहा वाहिन्यांचा आवाज टीव्हीतच दोन वाहिन्यांत ओतला जात होता. सिनेमाच्या मिश्रणात संवाद बहुतेक करून मधल्या वाहिनीत असतात. या घरातला मधला स्पीकर आणल्या दिवसापासून गप्पच होता.

एचडीएमआयची तार टीव्हीवर जिथे 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय त्याच भोकात लावली, सेटच्या बाजूलाही तसंच लिहिलेल्या ठिकाणी लावली, आणि पीसीएमच्या जागी 'बिटस्ट्रीम' केलं. काही टीव्हींवर 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' लिहिलेलं असतं. सेट आपोआप चालू होत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करावं लागतं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. काम एकच. एआरसी २००९ पासून एचडीएमआयच्या नियमांत आहे, त्यामुळे तुमच्या टीव्हीवरही ते असण्याचीच शक्यता जास्त. ॲपवरचे सिनेमे बघायला साधं एआरसी पुरतं, त्यातून ॲटमॉसही, म्हणजे वरून आल्यासारखा वाटणारा आवाजही, जातो. ईएआरसीची खरी गरज ब्लू-रे प्लेअर टीव्हीतून जोडणाऱ्यांना. फक्त ईएआरसीसाठी टीव्ही बदलू नका. आणि ब्लूटूथने सेट जोडू नका. आवाज ओठांच्या मागे राहतो.

मधला स्पीकर बोलू लागला. माई पडद्याच्या मधे आल्या. पण खालच्या घराची बरोबरी तरीही झाली नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे.

५.१ मध्ये मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, जरा मागे असावे लागतात. समोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर. आपल्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मागे जागाच नसते. म्हणून ते स्पीकर शोकेसच्या माथ्यावर जातात, एक दाराजवळ, दुसरा खिडकीच्या पडद्याआड. वूफरला जागा मिळते दिवाणाखाली, कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि फरशी मिळून खालचा स्वर फुगवतात, आणि फुगलेला खालचा स्वर शब्द झाकतो. 'स', 'श', 'च' ओळखू येतात ते मुख्यतः २००० हर्ट्झच्या वरच्या ध्वनीमुळे. वय झालं की ऐकण्यातून आधी जातो तोही वरचाच भाग. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं, त्यांच्या वाट्याचा शब्द आपण वूफरखाली गाडतो. वूफर कोपऱ्यातून काढून टीव्हीजवळ आणला आणि त्याची पातळी बरीच खाली घेतली, तेव्हा सबटायटल बंद करता आली.

म्हणून माझं मत: भिंतीला टेकलेल्या सोफ्याच्या हॉलला ५.१ घेऊ नका. त्याच पैशांत चांगला ३.१ घ्या, आणि त्यात मधला स्पीकर खरोखर वेगळा आहे का, हे विचारून घ्या. २.१ च्या बारमध्ये तो नसतो. वर टाकलेल्या आवाजाने छतावरून पाऊस पडल्याचा भास हवा असेल तर ती पुढची गोष्ट, शब्द आधी.

दुकानं हे सांगणार नाहीत. त्यांच्या डेमोमध्ये गाड्या उडतात, काचा फुटतात, आणि दोन माणसं शांतपणे बोलतायत असा प्रसंग कधी लागत नाही. वूफरचा दणका विकला जातो, स्पष्ट शब्द विकला जात नाही, हे त्यांना ठाऊक आहे असा माझा पक्का संशय आहे. पुरावा माझ्याकडे नाही. आणखी एक संशय: टीव्ही बारीक करत नेताना खालच्या बाजूला तोंड केलेले चिमुकले स्पीकर बसवणाऱ्यांना बार विकायचा असतो, हेही या दुखण्याचं एक कारण आहे.

तुम्ही दुकानात गेलात तर तुमचा मोबाइल दुकानातल्या टीव्हीला जोडायला सांगा, माहितीतला मराठी प्रसंग लावा, कुजबुजीचा, आणि आवाज निम्म्याहून खाली ठेवा. शब्द सुटे आले नाहीत तर बाहेर पडा. सेट घरात आधीच असेल तर नवा घेण्याआधी या रविवारी दोनच गोष्टी बघा: तार कुठल्या भोकात आहे, आणि सेटिंगमध्ये पीसीएम आहे का. काय सापडलं ते मला कळवा.