ब्रँडला गिऱ्हाईक, कारागिराला नाही

इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटची डडसन ही चिनीमातीच्या भांड्यांची 1800 सालची कंपनी 2019 मध्ये बंद पडली. तिचे नाव त्याच गावच्या चर्चिल कंपनीने विकत घेतले. कामगारांना मात्र आपापली वाट धरावी लागली. 2025 मध्ये त्याच गावात रॉयल स्टॅफर्ड आणि मूरक्रॉफ्ट या भांड्यांच्या कंपन्या बंद झाल्या. मूरक्रॉफ्टमधल्या 57 जणांच्या नोकऱ्या गेल्या, पण संस्थापकांच्या नातवाने त्याच वर्षी ती पुन्हा सुरू केली. तिथे रबरी पिशवी दाबून बारीक नळीतून पातळ मातीची रेघ हाताने ओढतात आणि त्या रेघांच्या बांधात रंग भरतात. हे काम साच्यात किंवा कागदपत्रांत साठवून ठेवता येत नाही. कारखाना चार-पाच वर्षे बंद राहिला असता, तर नाव विकत घेऊनही तो हात मिळाला नसता.

बंद पडण्याचे मोठे कारण इंधन. भट्टी अर्धी भरली म्हणून गॅस अर्धा लागत नाही. त्यामुळे मागणी घटली की दर नगामागचा खर्च चढतो. ब्रिटनमधली सरकारी सवलत मुख्यतः विजेवर आणि भट्ट्या बहुतांशी गॅसवर, ही तिथल्या उद्योगाची तक्रार रास्तच आहे. तरीही नुसता गॅस स्वस्त करून भागणार नाही. ती सवलत ताळेबंदात जिरते, माणूस टिकेलच याची हमी देत नाही. मंदीच्या काळातली मदत कामगाराच्या हजेरीपटाला बांधलेली हवी.

आपल्याकडे हे तत्त्व कायद्यात आहेच. ले-ऑफच्या, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवण्याच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची निम्मी रक्कम देण्याची जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. पण त्यासाठी किमान 50 कामगार आणि वर्षभराची सलग सेवा लागते. ऑगस्ट 2022 मध्ये महाग गॅस आणि थंड मागणी यांमुळे गुजरातमधल्या मोरबीतल्या टाइल्सच्या कारखान्यांनी महिनाभर भट्ट्या बंद ठेवल्या. अशा वेळी ठेकेदाराकडून आलेला, परप्रांतातला, कंपनीच्या हजेरीपटावर नसलेला माणूस सरळ गावाकडे निघतो. तोच परत येईल याचा भरवसा काय?

रोलर भट्टी आणि डिजिटल छपाईनंतर कौशल्य उरलेच कुठे, असे काही कारखानदार विचारतात. टाइल्सच्या छपाईपुरते ते खरेही आहे. पण फोडलेल्या टाइलच्या पोटात काळा पट्टा दिसला, की दोष मातीचा, दाबाचा की भट्टीच्या तापमानवक्राचा, हे ओळखणारा माणूस प्रिंटरबरोबर येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आजारी कारखाने जनतेच्या पैशावर का जगवायचे? जगवू नयेतच. मदतीला महिन्यांची मर्यादा असावी, कारण तात्पुरते असल्याचे कारखान्याने दाखवावे आणि उरलेल्या वेतनाचा काही वाटा मालकानेही उचलावा. जर्मनीत घटलेल्या कामाच्या तासांची भरपाई याच धर्तीवर मर्यादित मुदतीसाठी मिळते. आपल्या कारखानदारांच्या संघटनांनी सरकारकडे गॅसदराची मागणी नेताना सोबत हजेरीपटाला बांधलेल्या मदतीची मागणीही न्यावी, आणि तत्पूर्वी भट्टीवरची ठेक्याची माणसे आपल्या हजेरीपटावर घ्यावीत.